पंचनाम्याच्या आधीं

शेतकऱ्यानें आत्महत्या केली म्हणजे सरकारी दप्तर लागलींच हलूं लागतें. पोलीस पंचनामा करितात, तलाठी सातबाराचा उतारा देतो, थकबाकी पाहिली जाते, आणि जिल्ह्याची समिति प्रकरण ‘पात्र’ कीं ‘अपात्र’ तें ठरविते. पात्र ठरल्यास २००६ सालीं ठरलेलें एक लक्ष रुपयांचें साहाय्य वारसांस मिळतें. हें योग्यच होय; परंतु गेलेला कर्ता त्यानें परत येत नाहीं. सबब, मृत्यूच्या आधीं काय केलें जातें, यावरूनच सरकारी सुधारणेचें मोल ठरविलें पाहिजे.

कायद्यांतील सुधारणा खरी आहे. पूर्वीं आत्महत्येच्या प्रयत्नांतून वांचलेला मनुष्य कलम ३०९ प्रमाणें गुन्हेगार ठरे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून, त्याच्या शुश्रूषेची जबाबदारी सरकारवर टाकिली. १ जुलै २०२४ पासूनच्या न्यायसंहितेंत तें कलम राहिलें नाहीं. मात्र सरकारी नोकरास अडविण्याकरितां केलेला असा प्रयत्न अद्यापि गुन्हा आहे.

उपचाराची बाजू इतकी भक्कम नाहीं. पुण्याकडे ‘येरवड्यास धाडा’ हा टोमणाच होऊन बसल्यामुळें मनाचें दुखणें लोक लपवितात. ही लाज मोडावयाची तर उपचार गांवाजवळ आला पाहिजे. १९९६ च्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हाच हेतु होता. पुढें २०१५ च्या सुमारास विदर्भ-मराठवाड्यांतील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प निघाला व आशा स्वयंसेविकांकडे घरोघर विचारपुशीचें काम आलें. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’चा सल्ला अहोरात्र, विनामूल्य मिळतो. योजना चांगल्या; उणीव माणसांची. मनोविकारतज्ज्ञ शहरांत एकवटले आहेत, आणि आशांवर इतर कामांचें ओझें आधींच फार आहे.

श्रीलंकेनें १९९५ च्या सुमारास अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. आपल्याकडेहि २०२० अखेर कांहीं औषधें बंद झालीं. आवेगाच्या घटकेस विष हाताशीं नसलें तर पुष्कळ माणसें वांचतात, हा यांतील धडा होय.

सरकारनें २०३० पर्यंत आत्महत्येनें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण १० टक्क्यांनीं घटविण्याचा संकल्प २०२२ सालीं सोडला आहे. तेव्हां पात्र-अपात्र प्रकरणांप्रमाणेंच, किती जणांची विचारपूस झाली व किती उपचारांत टिकले, याचाहि तालुकावार हिशेब त्यानें प्रसिद्ध करावा. आपण सभासदांनीं औषध लागेल तेवढेंच घ्यावें व घराबाहेर कुलुपांत ठेवावें. एखादा शेजारी बोलेनासा झाला, तर ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ असें त्यास आपुलकीनें विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं, उलट भार हलका होतो. मग त्यास एकटें न सोडतां १४४१६ लावून द्यावा, किंवा सोबत जिल्हा रुग्णालयांत जावें. पंचनाम्यास पंच म्हणून जावें लागण्यापेक्षां हें पुष्कळ बरें.