पाण्यातला डोंगर वेगळाच असतो

भंडारदऱ्याच्या जलाशयात डोंगररांगेचं प्रतिबिंब टिपायचं, तर उजाडायच्या आत काठ गाठावा. रात्रभरात जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन बसून राहते, वरचा वारा खाली उतरत नाही. ऊन चढलं की हवा ढवळली जाते आणि पाण्यावर शिरशिरी उठते. पाण्याचा पृष्ठभाग एका अंशाने कलला तरी परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. सुळक्याची कड विस्कटायला तेवढं पुरतं.

पाणी निवांत मिळालं, की बहुतेक जण उभ्यानंच फोटो काढतात. वर डोंगर, खाली तोच डोंगर उलटा. पण तो ‘तोच’ नसतो, आणि या छंदातली सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते. कॅमेरा पाण्यापासून जितका वर आहे, तितकाच खाली नेला असता तर जे दिसलं असतं, ते प्रतिबिंबात उलटं दिसतं.

समजा, पलीकडच्या काठावर १०० मीटर अंतरावर ५ मीटर उंचीची बाभूळ आहे, २ किलोमीटरवर डोंगर आहे आणि कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच. बाभळीआड डोंगराचा खालचा सुमारे ७० मीटर भाग लपतो. प्रतिबिंबात मात्र जवळजवळ १३० मीटर! कॅमेरा ३० सेंटिमीटरवर आणा, की हेच आकडे साधारण ९४ आणि १०६ होतात. दोन्ही चित्रं जुळू लागतात.

उजेडाचंही तसंच. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परतवतं, म्हणून पायाशी तळाचे गोटे दिसतात. पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन करून आलेला प्रकाश मात्र सुमारे ३५ टक्के परततो. दूरचा डोंगर पाण्यात उठून दिसतो तो यामुळे. तरीही तो खऱ्यापेक्षा काळपटच असणार. एक्स्पोजर ठरवताना हे धरून चालावं. पोलरायझर सवयीनं लावलेला असेल, तर फिरवून बघा. नेमकं प्रतिबिंबच तो पुसून टाकू शकतो. आणि फोकस डोंगरावर ठेवा, पाण्यावर नाही. प्रतिबिंबातला डोंगरही तितकाच दूर असतो.

मोबाइल असेल तर उलटा धरा, लेन्स पाण्याजवळ जाईल. एक फोटो उभ्यानं, एक असा वाकून काढा आणि दोन्हींत झाडाचा शेंडा डोंगरावर कुठे टेकतो, ते पाहा. काठ ओला असेल तर पाय जपून.