घरचे व्हिडिओ परगावच्या मुलांना अडखळत का दिसतात? जपायची फाइल वेगळी, पाठवायची फाइल वेगळी



आपल्या ट्रेनिंगला येणारे फोटो स्टुडिओवाले आणि झेरॉक्स-कॉम्प्युटरवाले एक प्रश्न हमखास विचारतात. गिऱ्हाईक लग्नाची जुनी कॅसेट आणतं, आपण ती कॉम्प्युटरवर उतरवून देतो. दुकानात मस्त चालते. पण टोरांटोची मुलगी रात्री बघायला बसली की चित्र दर दहा सेकंदांनी थांबतं आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं. दुसऱ्या दिवशी काका दुकानात हजर! पैसे आपण घेतलेले असतात, त्यामुळे नाव आपलंच खराब होतं.

अशा वेळी ‘तिकडचं नेट स्लो असेल’ म्हणून मोकळं होऊ नका. बहुतेक वेळा दोष फाइलचा असतो आणि तो दुकानात बसूनच दुरुस्त होतो. दुकान नसेल, घरच्यासाठीच करायचं असेल, तरी पद्धत हीच.

अडतं कुठे?

व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवरून किंवा हार्ड डिस्कवरून बाहेर पाठवताना तुमच्या कनेक्शनची अपलोड स्पीड कामाला येते, डाउनलोड नाही. स्पीड टेस्टमध्ये दोन आकडे येतात, त्यातला दुसरा बघा. बऱ्याच ठिकाणी तो पहिल्यापेक्षा खूप कमी असतो.

आता फाइल किती मागते ते काढू. याला बिटरेट म्हणतात. हिशोब सोपा आहे: फाइलचा आकार एमबीमध्ये घ्या, त्याला ८ ने गुणा आणि व्हिडिओ जितक्या सेकंदांचा आहे त्याने भागा. उत्तर येतं एमबीपीएसमध्ये.

उदाहरण घ्या. मिनी-डीव्ही कॅसेट जशीच्या तशी उतरवली की एका तासाची फाइल साधारण १३ जीबी होते. १३,००० गुणिले ८ भागिले ३,६००, म्हणजे सुमारे २९ एमबीपीएस. घरची अपलोड स्पीड १० असेल तर ही फाइल अखंड चालणं शक्यच नाही. तिकडे कितीही भारी नेट असलं तरी उपयोग नाही.

नियम असा ठेवा: अपलोड स्पीडच्या निम्मीच आपली समजायची, कारण घरात बाकीचे फोन आणि टीव्हीही चालू असतात. १० पैकी ५ आपले. दोन मुलं दोन देशांतून एकदम बघणार असतील तर प्रत्येकाला अडीच. म्हणजे फाइल अडीचच्या आत बसली पाहिजे.

डबा आणि आतला माल

फाइलच्या नावाशेवटी एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही, एव्हीआय असं जे असतं तो नुसता डबा आहे. आतला माल वेगळा: चित्र एच.२६४, एच.२६५ किंवा डीव्हीडीवालं एमपेग-२, आणि आवाज एएसी, एसी३ वगैरे. माल कुठला आहे ते मीडियाइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दिसतं.

हे कळायला का हवं? समोरच्या टीव्हीला किंवा फोनला आतला माल वाचता आला नाही, तर घरचा मीडिया सर्व्हर चालू व्हिडिओ तिथल्या तिथे बदलून पाठवायला लागतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. जुना कॉम्प्युटर त्यात धापा टाकतो आणि चित्र थांबतं. आपलं काम हेच की ही मेहनत आधीच एकदा करून ठेवायची, म्हणजे फाइल आहे तशी थेट चालेल.

यासाठी सगळ्यात भरवशाची जोडी: एमपी४ डब्यात एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज. एच.२६५ मध्ये फाइल लहान होते हे खरं. आयफोन तर २०१७ पासून त्यातच रेकॉर्ड करतो. पण जुने टीव्ही आणि काही ब्राउझर त्यावर अडतात. नातेवाईक कशावर बघणार हे माहीत नसेल तर एच.२६४ च घ्या.

कधी कधी माल बरोबर असतो आणि बिटरेटही बसतो, फक्त डबा चुकीचा असतो. तेव्हा पुन्हा कन्व्हर्ट करू नका. लॉसलेसकटसारख्या सॉफ्टवेअरने डबा बदला. काही मिनिटांत काम होतं आणि चित्राचा दर्जा तसूभरही कमी होत नाही.

हँडब्रेकमध्ये काय करायचं

हँडब्रेक फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. कॅसेट किंवा डीव्हीडीसाठी ‘फास्ट ५७६पी२५’ हा प्रीसेट निवडा आणि एवढे बदल करा:

१. समरी टॅबमध्ये फॉरमॅट एमपी४ ठेवा आणि ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर टिक करा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बऱ्याचदा शेवटी लिहिलेली असते, त्यामुळे सुरू व्हायलाच वेळ लागतो. ही टिक तिला पुढे आणते.

२. व्हिडिओ टॅबमध्ये एच.२६४ निवडा. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ऐवजी ‘एव्हरेज बिटरेट’ घ्या आणि ‘मल्टी-पास’ चालू करा. वेळ जास्त लागतो, पण फाइल किती होणार ते आपल्या हातात राहतं.

३. बिटरेट किती? जुन्या कॅसेटला दीड ते दोन एमबीपीएस पुरे. ७२०पीला तीनच्या आसपास, १०८०पीला चार ते सहा. हँडब्रेकमध्ये हा आकडा केबीपीएसमध्ये टाकायचा, म्हणजे दोन एमबीपीएससाठी २०००. दोनने एका तासाची फाइल साधारण ९०० एमबी होते. कुठे १३ जीबी आणि कुठे ही!

४. फिल्टर्स टॅबमध्ये ‘डीइंटरलेस’ बघा. जुनं रेकॉर्डिंग एक-आड-एक रेषांनी झालेलं असतं, म्हणून कोणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हे चालू केलं की त्या जातात. मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओला याची गरज नाही.

५. साइज वाढवू नका. व्हीएचएसचं चित्र १०८०पी केल्याने स्पष्ट होत नाही, फक्त फाइल फुगते. आणि जुनं चित्र चौकोनी, म्हणजे ४ः३ प्रमाणातलं असतं. ते रुंद टीव्हीभर ताणलं तर सगळं वऱ्हाड जाडजूड दिसतं. बाजूला काळे पट्टे येऊ द्या, चेहरे खरे दिसू द्या.

अख्खं लग्न लावण्याआधी एका मिनिटाची ट्रायल घ्या. तुकडा शांत बसलेल्या पाहुण्यांचा नको, वरातीचा किंवा अक्षता पडतानाचा घ्या. हलणाऱ्या बारीक गोष्टींना सगळ्यात जास्त बिटरेट लागतो. तिथे चौकटी-चौकटी दिसल्या नाहीत तर बाकी लग्न निभावून जातं. मग तयार फाइल वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लावून बघा. घरच्या वायफायवरची टेस्ट ही टेस्टच नाही.

पाठवायचं कसं?

चार-दोन फाइल असतील तर गूगल ड्राइव्हची लिंक पुरते. फुकट जागा १५ जीबी आहे, पण ती जीमेल आणि फोटोंसोबत वाटून मिळते. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवता येतं, पण लग्नाच्या व्हिडिओवर सिनेमाची गाणी चढवलेली असतात. ती तपासणीत सापडली की व्हिडिओ ब्लॉक होऊ शकतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं तर चित्र दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं.

फाइल भरपूर असतील तर घरच्या कॉम्प्युटरवर जेलीफिन लावा, ते फुकट आहे. प्लेक्सही चांगलं आहे, पण एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून बघायला पैसे भरावे लागतात. अनेक मोबाइल आणि फायबर कंपन्या घराला स्वतःचा पब्लिक आयपी देत नाहीत, त्यामुळे बाहेरून कनेक्शन लागत नाही. तेव्हा टेलस्केलसारखं ॲप दोन्हीकडे टाकलं की रस्ता मोकळा होतो.

सगळ्यात महत्त्वाचं

छोटी फाइल मस्त चालली की हात शिवशिवतो: मोठी उडवून टाकू, डिस्क रिकामी होईल. हे अजिबात करू नका! कन्व्हर्ट करताना जे चित्र गेलं ते परत येत नाही. आणि पुन्हा कॅसेटवरून उतरवू म्हणाल तर व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केलं. चालू मशीन दरवर्षी कमीच होणार. त्या टेपवर आजोबांचा चालता-बोलता आवाज असेल तर तो बहुतेक जगात तेवढाच एक असतो.

म्हणून मोठी फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरी आणि एक दुसऱ्या घरी. छोटी फाइल बिनधास्त वाटा. ती हरवली तर पुन्हा बनवता येते.

दुकानदार मित्रांनो, बिलावरही या दोन ओळी वेगळ्या लिहा: मूळ कॉपी आणि बघायची कॉपी. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, त्यात शॉर्टकट नाही. वेळेचे पैसे न लाजता घ्या. पण मूळ कॉपी दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला पाठवू नका. आज त्याला तिची किंमत कळणार नाही, दहा वर्षांनी कळेल, आणि तेव्हा दुकानाचं नाव त्याच्या लक्षात असेल.

आजचा होमवर्क: घरातली एक जुनी फाइल घ्या, बिटरेट काढा, आपल्या अपलोड स्पीडशेजारी लिहा. कुठे अडतंय ते लगेच दिसेल. भेटू पुढच्या व्हिडिओत!