बोईसर-तारापूर : हद्दीबाहेर वाढलेले शहर

गाव शहर झाले की नाही, हे भारतात दोन वेगळ्या कसोट्यांवर ठरते. लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेर असले, की जनगणना त्याला शहर मानते. नगरपरिषद मात्र राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय होत नाही. या दोहोंच्या मध्ये अडकलेल्या वस्त्या समजून घेणे, हे नगररचना-संशोधनाचे मोठे काम आहे.  

पालघर तालुक्यातील बोईसर ही अशीच वस्ती. २०११च्या जनगणनेत तेथे सुमारे ३६ हजार लोक होते आणि कारभार ग्रामपंचायतीचा. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आली, रसायने, औषधे, कापड आणि पोलादाचे कारखाने उभे राहिले. कामगारांची घरे मात्र सरावली, खैरापाडा, पास्थळ अशा शेजारच्या गावांत वाढत गेली. वसाहतीच्या आत नियोजन एमआयडीसीचे; कुंपणाबाहेरचे रस्ते, गटारे आणि कचरा ग्रामपंचायतींच्या माथी.

सांडपाण्याचा मार्ग पाहिला की ही विभागणी नीट कळते. कारखान्यांचे पाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नळाने नवापूरच्या समुद्रात जाते. प्रदूषणाचा फटका बसतो तो वसाहतीच्या हद्दीत नसलेल्या मच्छीमारांना. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, ती याचमुळे. नळ संपतो ते गाव वसाहतीच्या आराखड्यात नसेल, तर तो आराखडा अपुराच.

अणुप्रकल्पाची गणितेही हद्दी जुमानत नाहीत. आणीबाणीचे नियोजन १६ किलोमीटरपर्यंत करावे लागते आणि बोईसर त्या वर्तुळात येते. लोकांना बाहेर काढायचे तर रस्ते किती रुंद, कोणत्या पाड्यात किती माणसे, ही माहिती आधी हवी. भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार मोजणीतून सहज सुटतात.

बोईसरपासून रेल्वेने दोन स्थानकांवर पालघर आहे. २०१४ मध्ये जिल्हा झाल्यावर तेथे सिडकोने दुग्धविकास विभागाच्या जमिनीवर नवनगर आखले. आधी नकाशा, मग इमारती. बोईसरला उलट घडले. आता बुलेट ट्रेनचे स्थानक बोईसरला होते आहे, तर याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात अनेक गावांचा एकत्र विचार करणाऱ्या प्रादेशिक योजनेची तरतूद आहे. कारखाने, पाडे आणि किनारा एकाच नकाशावर आणण्याचा कायदेशीर मार्ग तोच.