सायकल धुण्याची मोरी

शाळेच्या कार्यशाळेत सायकल-दुरुस्ती शिकवायची, तर सायकल आधी धुवावी लागते. चिखल लागलेल्या साखळीवर तेल सोडले, की रेती व तेलाचा लगदा होतो आणि फ्रीव्हीलचे दाते झिजतात. धुण्याची जागा आपण बहुधा नळाजवळ निवडतो. खरे तर पाणी जाणार कोठे, हे आधी पाहावे. तेलकट पाणी शोषखड्ड्यात सोडले, तर मातीची छिद्रे बुजतात. जवळ विहीर असेल तर धोका मोठा.

दोन मीटर लांबीच्या कोब्याला चार सेंटिमीटर उतार पुरतो. उताराच्या टोकाला छोटी टाकी बांधावी. तिच्यात रेती तळाशी बसते; तेल पाण्याहून हलके, म्हणून तरंगते. बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या मध्याशी ठेवले, की मधले पाणी तेवढे निघून जाते.

साबण मात्र ही युक्ती हाणून पाडतो! त्याच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यातच विखुरलेले राहतात आणि टाकीतून सरळ बाहेर पडतात. दोन बाटल्यांत पाणी व थोडे तेल घ्या, एकीत साबण घाला, दोन्ही हलवून दहा मिनिटे ठेवा. विद्यार्थ्यांना फरक दिसेल. म्हणून साखळीचे तेल आधी कोरड्या चिंधीने पुसून काढावे. साबण नंतर, तोही बेताचा.

पाइपचा जोरदार झोत हबवर मारू नये. पाणी आत शिरते, ग्रीस निघते, छर्रे गंजतात. बादली आणि तांब्या पुरे.