आधी मायना, मग माणूस

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. त्यांची कथा वारकऱ्यांच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसलेले चांगदेव मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर हा ज्ञानाने थोर. 'तीर्थरूप' लिहावे, तर समोर पोरसवदा मुलगा. शेवटी त्यांनी कागद कोराच धाडला. चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली. ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले.

चांगदेवांची ती अडचण मला आज फार मोलाची वाटते. समोरचा कोण हे उमगेना, म्हणून त्यांनी मायनाच घातला नाही. आपण मायना आधी घालतो. 'फुरोगामी', 'अंधभक्त', 'सनातनी', 'देशद्रोही' असा शब्द एकदा वर लिहिला की खालचा मजकूर वाचायची गरज उरत नाही. पुरोगामी आणि परंपरावादी यांनी एकमेकांची जी चित्रे मनात रंगवली आहेत, त्यांतली काही कायद्याच्या कलमांशी आणि इतिहासातल्या नोंदींशी ताडून पाहू.

'पुरोगाम्यांना देवधर्मच नको आहे'

या समजाला सगळ्यात जास्त खतपाणी मिळाले ते जादूटोणाविरोधी कायद्याच्या वादात. वारी बंद होणार, कीर्तनकाराला अटक होणार, असे गावोगाव बोलले गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत मोजकी बारा कलमे आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे, अशा जातीची. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

पण वादात जे क्वचितच वाचून दाखवले गेले, ते कलम १२. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, त्यांचा प्रसार करणे हाही गुन्हा नाही. म्हणजे चांगदेव वाघावर बसून निघाले आणि त्यांना सामोरे जायला ज्ञानदेवांनी भिंत चालवली, ही कथा पुणतांब्याच्या सप्ताहात कितीही रंगवून सांगितली तरी कायद्याची हरकत नाही.

इथे दुसऱ्या बाजूचाही एक गैरसमज आहे. मसुद्याला हरकत घेणारा प्रत्येक वारकरी अंधश्रद्धेचा कैवारी होता, असे पुरोगामी वर्तुळात सर्रास मानले गेले. हा मसुदा वर्षानुवर्षे चर्चेत राहिला, आक्षेप येत गेले तसा तो बदलत गेला. मोघम शब्दांची भीती वाटणे हे नरबळीचे समर्थन नव्हे. कायद्यात काय येत नाही ते नेमके लिहून घेण्याचा आग्रह धरणारे लोक कायदा सुधारतात, असे माझे मत आहे.

साने गुरुजींची आठवण इथे काढलीच पाहिजे. समाजवादी माणूस, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करतो, ते कशासाठी? विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून. देव नको असलेला माणूस देवळाच्या दारासाठी जीव पणाला लावत नाही.

'परंपरावाद्यांना बदलच नको असतो'

संमतिवयाच्या वादाइतके चुकीचे शिकवले गेलेले दुसरे प्रकरण मराठी इतिहासात कमी असेल. शाळेत आपण एवढेच शिकतो की आगरकर आणि सुधारक कायद्याच्या बाजूने होते, टिळक विरोधात. विद्यार्थी त्यातून निष्कर्ष काढतो की टिळकांना बालविवाह हवे होते. १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा वर्षे केले. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १८९० मध्ये, टिळकांनी पुण्याच्या सभेत जी योजना मांडली तिच्यात मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करू नये, चाळिशी उलटलेल्या पुरुषाने लग्न करायचेच तर विधवेशी करावे, विधवांचे केशवपन बंद व्हावे, हुंडा घेऊ नये, अशा सूचना होत्या. सोळा हे वय बारापेक्षा बरेच पुढचे. मात्र हे नियम सुधारकांनी आधी सही करून स्वतःला लावून घ्यावेत, परक्या सरकारला आपल्या घरात शिरू देऊ नये, हा टिळकांचा मुद्दा होता.

आगरकरांचे उत्तरही तितकेच सरळ होते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या देहाचा प्रश्न आहे. समाज आपणहून शहाणा होईपर्यंत तिने थांबायचे का? या प्रश्नावर मी आगरकरांच्या बाजूचा आहे. टिळकांच्या योजनेत सही न करणाऱ्याच्या घरातल्या मुलीला कोणतेच संरक्षण नव्हते. आणि टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी नंतर जे केले तेही झाकायचे कारण नाही. १८९५ मध्ये पुण्याच्या काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरू न देण्यासाठी इतका दबाव आणला गेला की न्यायमूर्ती रानड्यांना ती दुसरीकडे भरवावी लागली. तरीही दोघांमधला वाद 'मुलींचे भले हवे की नको' असा नव्हता. ते भले कुणी करायचे, सरकारने की समाजाने, यावर तो पेटला होता. आजचेही निम्मे वाद याच जागी अडलेले असतात.

आगरकरांना विरोधकांनी धर्मबुडवा म्हटले, जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. हा माणूस 'केसरी'चा पहिला संपादक. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, तेही टिळकांच्याच सोबतीने.

परंपरावाद्यांनाही बदल हवा असू शकतो, याचा प्रत्यय आपल्या, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातही आला. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ द्यावे की नाही हा वाद तापला असताना, त्याच मार्चमध्ये राजस्थानात नागौरला झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या प्रतिनिधी सभेत मंदिरप्रवेशात स्त्री-पुरुष भेद नको, प्रश्न चर्चेने सोडवावा, अशी भूमिका मांडली गेली. प्रवेशाचा हट्ट फक्त डाव्यांचा, असे मानून बसलेल्या दोन्ही बाजूंना ती बातमी पचायला जड गेली असणार. १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्यावर बोट ठेवले आणि ८ एप्रिलला चौथरा खुला झाला.

समोरच्याचे चित्र टोकाचे रंगवण्याचा हा दोष फक्त आपला नाही. अमेरिकेत जेसी ग्रॅहम, ब्रायन नोसेक आणि जोनाथन हाइट यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन हजारांहून अधिक लोकांना त्यांनी नैतिक प्रश्न विचारले. काहींनी स्वतःची उत्तरे दिली, काहींनी उदारमतवादी काय म्हणेल, परंपरावादी काय म्हणेल ते सांगितले. सगळ्यांनीच दोन्ही बाजूंतला फरक फुगवून सांगितला. स्वतःच्या गटाचे चित्रही खऱ्यापेक्षा टोकाचे काढले, आणि अंदाज सर्वांत जास्त चुकले ते उदारमतवाद्यांचे. स्वतःला उदार म्हणवणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून बराच वेळ गप्प बसावे लागले.

'डावे म्हणजे सरकार, उजवे म्हणजे बाजार'

शेतीच्या प्रश्नात हा आडाखा हमखास फसतो. जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाला कम्युनिस्टांनी विरोध केला, तसाच संघाच्या मुशीतून आलेल्या, भारतीय किसान संघाच्या दत्तोपंत ठेंगडींनीही केला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी मात्र खुल्या बाजाराच्या बाजूने उभे राहिले. म्हणून जोशींना उजवे म्हणावे, तर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवणारे तेच, आणि बायकोच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवणारेही तेच. अशा माणसाला एकच चिठ्ठी चिकटत नाही.

'पुणतांब्याचा संप अमक्या पक्षाचा होता'

एप्रिल २०१७ मध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेत ठरले की शेतकऱ्याने संपावर जायचे, आपल्या घरापुरते पिकवायचे. १ जूनला संप सुरू झाला. दूध रस्त्यावर ओतले गेले, बाजार समित्यांत भाजीची आवक घटली. सरकारच्या समर्थकांनी लगेच म्हटले, हा विरोधकांचा डाव आहे. ३ जूनच्या पहाटे संप पुकारणाऱ्या किसान क्रांतीच्या प्रतिनिधींनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांशी बोलणी करून संप मागे घेतल्याचे जाहीर केले, किसान सभेचे अजित नवले बैठकीतून बाहेर पडले. मग दुसऱ्या बाजूने ओरड झाली, गद्दारी झाली म्हणून.

पहिला आरोप घ्या. संपाला पाठिंबा देणाऱ्यांत सत्तेत वाटेकरी असलेली शिवसेना होती. पुढे आंदोलनाच्या सुकाणू समितीत कम्युनिस्ट किसान सभेशेजारी राजू शेट्टी बसले. त्यांची स्वाभिमानी तेव्हा भाजपच्याच आघाडीत होती, सदाभाऊ खोत मंत्रिमंडळात होते. हा एका रंगाचा संप नव्हता. आणि दुसरा आरोप? कुणाच्या मनात काय होते ते मला दिसत नाही; समोर दिसतो तो मतभेद असा, की अल्पभूधारकांच्या कर्जमाफीचे मुदतबंद आश्वासन घेऊन थांबायचे की सरसकट माफीवर अडून बसायचे. असा मतभेद कोणत्याही संपात, गिरणीतल्या असो की शाळेतल्या, प्रामाणिक माणसांत होतो. २४ जूनला सरकारने दीड लाखापर्यंतची, ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली.

पाच वर्षांनी मुंबईतले सरकार बदललेले होते. महाविकास आघाडी होती, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे. १ जून २०२२ रोजी पुणतांब्याचे शेतकरी पुन्हा गावात धरणे धरून बसले. मागण्या होत्या: कांद्याला भाव, दुधाला दर, शेताला दिवसा वीज, फडात शिल्लक राहिलेल्या उसाला अनुदान.