चौघांची लढाई आणि पात्राची 'बिल्ड': गेनशिन इम्पॅक्टचं गणित

मालेगावातला (नाशिकचं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं) एखादा मुलगा मोबाइलवर 'गेनशिन इम्पॅक्ट' उघडतो आणि पुण्यातल्या मावसभावाबरोबर एकाच राक्षसाशी लढतो. चिनी कंपनी मिहोयोचा हा गेम सप्टेंबर 2020 मध्ये आला. दोघांचा सर्व्हर मात्र एकच हवा: एक 'एशिया'वर आणि दुसरा 'युरोप'वर असेल, तर भेट होत नाही. शिवाय एकत्र खेळण्याची सोय 'ॲडव्हेंचर रँक' 16 झाल्यावरच उघडते.

एकटा खेळाडू चार पात्रं घेऊन फिरतो. दोघे असतील तर प्रत्येकी दोन, चौघे असतील तर एकेकच. त्यामुळे आपल्या वाट्याचं काम कोणतं, हे आधी ठरवावं लागतं.

लढाईचा गाभा सात मूलतत्त्वांत आहे. बार्बरा शत्रूला पाण्यानं भिजवते, काएया थंडीचा वार करतो आणि शत्रू जागीच गोठतो. मग तिसऱ्यानं जड तलवार हाणली की बर्फ फुटून जास्तीचा मार बसतो. क्रमही महत्त्वाचा. जळत्या शत्रूवर पाण्याचा वार केला तर त्या वाराचा मार दुप्पट होतो. भिजलेल्यावर आगीचा केला तर दीडपट. घाईत दोघांनी एकदम बटणं दाबली की हा हिशोब बिघडतो, आणि भांडणं बहुधा इथेच होतात.

पात्र घडवायचं म्हणजे चेहरा किंवा केस बदलणं नव्हे. एक शस्त्र, पाच 'आर्टिफॅक्ट' आणि कौशल्यांच्या पातळ्या, यांच्या जुळणीला खेळाडू 'बिल्ड' म्हणतात. आर्टिफॅक्टचे गुण नशिबानं येतात, त्यामुळे चांगला संच जमायला आठवडे लागतात.

नवी पात्रं मिळतात ती सोडतीतून, आणि खिशाला कात्री लागते ती इथे. पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता एका वेळेला 0.6 टक्के, म्हणजे दहा वेळा प्रयत्न करून सुमारे 6 टक्के. नव्वदाव्या प्रयत्नाला पंचतारांकित पात्र नक्की मिळतं, पण ते हवं तेच असेल असं नाही. त्याच्या खात्रीसाठी 180 पर्यंत जावं लागू शकतं. बार्बरा आणि काएया मात्र फुकट मिळतात. घरच्यांचा फोन वापरणाऱ्यानं गोठवण्याची ही जोडीच आधी नीट बसवावी.