छताचा पंखा : जुना ठेवावा की नवा घ्यावा?



गेल्या महिन्यात मंडळात चहा घेताना एका सभासदांनी विचारले, "तुम्ही बँकेत होता, सांगा बघू, हे नवे बीएलडीसी पंखे खरेच परवडतात का?" तेव्हा उत्तर अर्धवट राहिले होते, म्हणून आज लिहितो आहे. मी इंजिनिअर नाही, पण हिशेब करता येतो. शिवाय एकदा हात पोळूनही घेतले आहेत.

आधी दोन्हींतला फरक पाहू. आपला नेहमीचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. त्याच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागातही वीज प्रवाहित करावी लागते आणि तिचा बराचसा भाग उष्णतेत वाया जातो. तासभर चाललेल्या पंख्याची मोटर तापते ती त्यामुळेच. नव्या पंख्यात फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक बसवलेले असतात. आतल्या वेटोळ्यांना कधी, किती वीज द्यायची हे एक छोटे सर्किट ठरवते. तेवढीच हवा हा पंखा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. इन्व्हर्टरवर तो जास्त वेळ चालतो आणि व्होल्टेज थोडे उतरले तरी त्याचा वेग सहसा पडत नाही.

आता हिशेब. पूर्ण वेगाने रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस पंखा चालला तर ४५ वॅटच्या फरकाने १६२ युनिट वाचतात. ७ रुपये दराने हे ११३४ रुपये झाले. पंखा ३००० रुपयांचा धरला तर पैसे पावणेतीन वर्षांत वसूल होतात. पण पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दिवसाला सरासरी तासभरच चालत असेल, तर वर्षाला ९५ रुपयेसुद्धा वाचत नाहीत. तिथे वसुलीला तीस वर्षांहून जास्त काळ लागेल! म्हणून सगळे पंखे एकदम बदलू नका. जिथे पंखा दिवसरात्र फिरतो, तिथूनच सुरुवात करा.

आता टिकाऊपणा. आमच्या हॉलमधला पंखा मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत घेतला होता. तो मंद झाला की कंडेन्सर बदलायचा, आवाज करू लागला की बेअरिंग. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात काम उरकायचा. तो उतरवून मी हौसेने नवा लावला. तिसऱ्या वर्षी ऐन मे महिन्यात त्याचे सर्किट गेले. कंपनीकडून कळले की त्या मॉडेलचे सर्किट आता मिळत नाही. मोटर ठणठणीत, पाती नव्यासारखी, आणि पंखा भंगारात! सौभाग्यवतींनी जुना पंखा माळ्यावर जपून ठेवला होता, म्हणून तो उन्हाळा निभावला. त्यावर मला काय ऐकावे लागले ते लिहीत नाही.

वीज वाचवणारा पंखा दुरुस्त होत नसेल, तर झालेली बचत नव्या पंख्यातच जाते. म्हणून घेताना एवढे पाहा :

१. सर्किटची वॉरंटी किती वर्षांची आहे, हे लेखी घ्या. सर्किट सुटे मिळते का, तेही विचारा.
२. स्टार लेबल पाहा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ते सक्तीचे आहे. एका वॅटमागे किती हवा मिळते, यावर हे स्टार ठरतात.
३. जुन्या रेग्युलेटरवर हा पंखा चालवू नका. इलेक्ट्रिशियनला सांगून तो काढून घ्या.
४. विजा कडाडू लागल्या की पंख्याचे बटण बंद करा.
५. पंखा कोणताही असो, वर्षातून एकदा हुकाचा बोल्ट, त्याची पिन आणि रबर तपासून घ्या.

आणि चालू स्थितीतला जुना पंखा लगेच भंगारात देऊ नका. ठेव मोडण्याआधी आपण दोनदा विचार करतो, तसा इथेही करावा.